एका रेषेत आलेले जोड

शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असायचा. फॉर्म इंग्रजीतला, म्हणून तो घरी मीच भरायचे. पप्पा शेवटी सही तेवढी करायचे. त्या रकान्यात मी दर वर्षी ‘इंजिनिअरिंग’ असं लिहायचे. तसं ते खोटं नव्हतं. सातपूरच्या ज्या शेडमध्ये पप्पा कामाला होते, तिच्या पाटीवर तो शब्द होताच. पण वर्गशिक्षिका तो वाचून काय समजतील हे मला माहीत होतं, आणि त्यांनी तेच समजावं अशी माझी इच्छा होती. खोटं न बोलता खोटं सांगायची सवय मला अशी फार लवकर लागली.

पप्पा मार्कर होते. कारखान्यांच्या चिमण्या, धान्याचे हॉपर, धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रांचे नरसाळ्यासारखे भाग, असं पत्र्याचं मोठमोठं काम त्यांच्या शेडमध्ये व्हायचं. पत्रा येतो सपाट आणि वस्तू हवी असते गोल किंवा निमुळती. सपाट पत्र्यावर कुठून कशी रेघ मारून कापलं म्हणजे वळवल्यावर नेमकी तीच वस्तू तयार होईल, हे ठरवायचं काम मार्करचं. सिन्नरजवळच्या एका खेड्यात सातवीपर्यंत शिकलेले पप्पा हे काम माझ्या जन्माच्या आधीपासून करत होते. मला त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही. मला दिसायचा तो त्यांचा निळा, बाह्यांना ग्रीस लागलेला युनिफॉर्म, आणि ऐकू यायचं ते ‘हाय’, ‘नाय’, ‘लय’ असं त्यांचं बोलणं. पालकसभेला आई जायची. ती चांगली साडी नेसून जायची आणि तिथे काही बोलायची नाही, त्यामुळे तिची मला भीती वाटत नसे.

मी नववीत होते तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या सायन्सच्या मिसनी रॉकेट करायचं ठरवलं. हॉलच्या मागच्या गॅलरीच्या कठड्यापर्यंत पोचेल असं, पंधरा फूट उंच, आणि सगळं कागदाचं. आत बांबू नाही, तार नाही. कागदही नीट वळवला तर स्वतःच्या पायावर उभा राहतो हेच आपल्याला दाखवायचं आहे, असं मिस म्हणाल्या. चौघींचा गट केला. गटाची पुढारी होती गंगापूर रोडवरच्या बंगल्यात राहणारी एका डॉक्टरांची मुलगी. ती वाईट नव्हती, हे आधीच लिहून ठेवते. डबा वाटून खायची, कुणाच्या उच्चारांना हसायची नाही. मला गटात घेतलं, कारण माझ्या आकृत्या स्वच्छ असायच्या आणि मी कुणाशी वाद घालत नसे.

रॉकेटचं चित्र शाळेच्या लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकातून घेतलं होतं. मधलं अंग नळीसारखं सरळ, त्याच्या खाली आणि वर किंचित निमुळते होत जाणारे भाग, टोकाला शंकू. एकूण आठ तुकडे, एकावर एक बसवायचे. सरळ नळी कुणालाही करता येते. निमुळता भाग मात्र आम्हाला काही केल्या जमेना. आम्ही कागद खाली रुंद, वर अरुंद असा सरळ रेघांनी कापायचो. वळवला की त्याच्या कडा वाकड्या व्हायच्या. टेबलावर ठेवला की दोन ठिकाणी टेकायचा आणि बाकीचा अधांतरी. तीनदा कापला, तीनदा तेच झालं. शेवटी मिसनी तो कागद माझ्याकडे दिला आणि घरी नेऊन विचार कर म्हणाल्या.

पप्पा पहिल्या पाळीहून येऊन चहा पीत बसले होते. मी जमिनीवर तो कागद वळवून पाहत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

“हे काय, लेंगा शिवती का गं?”

मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलगडला, पुन्हा वळवला.

“ही तर बादली हाय,” ते म्हणाले. “बादलीची कड सरळ कापून होत नाय. गोलात कापायची.”

मग त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर बादली काढली. तिच्या दोन्ही तिरप्या बाजू पट्टीने खाली वाढवत नेल्या, त्या जिथे एकमेकींना मिळाल्या तिथे टिंब दिलं आणि त्या टिंबावरून कंपासने दोन कमानी मारल्या, एक वरच्या कडेची, एक खालच्या कडेची. दोन कमानींच्या मधली पट्टी कापून वळवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बोटभर उंचीची बादली होती ती. तिच्या कडा तळहाताला सगळीकडून सारख्या टेकल्या होत्या.

आमच्या रॉकेटची बादली इतकी कमी निमुळती होती की तिच्या बाजू अठरा-वीस फुटांवर जाऊन मिळत होत्या. एवढा कंपास कुठे नसतो. रविवारी सकाळी पप्पा मला इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेले. पाण्याच्या टाकीजवळच्या फटीत त्यांनी खिळा ठोकला, खिळ्याला बारीक तार बांधली, तारेच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल. मी विचारलं, सुतळी का नाही. “सुतळी ताणली की वाढते,” ते म्हणाले. “तार वाढत नाय.” गच्चीच्या दुसऱ्या टोकाला एकमेकांना चिकटवलेले पांढरे जाड कागद पसरून त्यांच्या कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. पप्पा गुडघ्यांवर बसले आणि तार ताणून धरत बाजूबाजूने सरकत गेले. पेन्सिलीची रेघ इतकी हळू वळत होती की मला ती सरळच वाटली. कापून, वळवून तो तुकडा फरशीवर उभा केला तेव्हा मात्र त्याच्या खालून पोस्टकार्ड सरकेना.

घेराचा हिशेब ते तोंडी करायचे. रुंदीच्या तीन पट आणि वर सातवा हिस्सा. बावीस भागिले सात मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. ते असं गच्चीवर गुडघे टेकून वापरता येतं हे मला माहीत नव्हतं. ते सूत म्हणायचे, म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी मिलिमीटर म्हणायचे. मग आम्ही टेपच्या दोन कडा एकत्र वाचायचो, एक त्यांची, एक माझी.

असे चार रविवार गेले. ते मार्किंग करायचे, मी कापायचे. आई वर चहा घेऊन यायची आणि कागदावर पाय पडू नये म्हणून दारातूनच कप पुढे करायची. त्या गच्चीवर मला कशाचीही लाज वाटत नव्हती. तिथे आम्हाला कुणी बघत नव्हतं.

प्रत्येक तुकडा झाला की पप्पा त्याच्या आतल्या बाजूला, जोडाच्या कडेशी, पेन्सिलीने दोन टिंबं आणि त्यांच्या खाली एक आडवी रेघ काढायचे. ती त्यांची खूण होती. शेडमध्ये प्रत्येक मार्करची वेगळी खूण असे आणि पत्र्यावर ती ठोकावीच लागे. मी विचारलं, कागदावर कशाला. “वाकडं झालं तर कुणाकडं यायचं ते कळायला नको?” ते म्हणाले.

शेवटच्या रविवारी त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. वरचा तुकडा खालच्याच्या आत बसवायचा. आणि उभे जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. एकाचा जोड पुढे आला तर त्याच्या वरच्याचा मागे, विटा रचतात तसं. “वेल्डिंग गार झालं की पत्र्याला ओढतं,” ते म्हणाले. “खळ वाळली की कागदाला ओढते. सगळी ओढ एका अंगाला आली तर लोखंडाची चिमणी मान टाकते. हा तर कागद.” मी हो म्हणाले. मला ते नीट समजलं होतं. हे पुढे लागणार आहे, म्हणून पुन्हा लिहिते: मला ते नीट समजलं होतं.

तुकडे शाळेत न्यायच्या आदल्या संध्याकाळी, आई आणि पप्पा खाली शेजाऱ्यांकडे गेलेले असताना, मी खोडरबर घेऊन बसले आणि आतल्या खुणा पुसल्या. पेन्सिल मऊ होती, त्यामुळे खुणेच्या जागी करडा डाग राहत होता. एका तुकड्यावरची खूण दुमडलेल्या कडेखाली गेली होती, ती मला दिसली नाही.

मिस ते तुकडे बघून खूश झाल्या. हे तू केलंस का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी घरी करून पाहिलं, असं मी म्हटलं. तेही खोटं नव्हतं. मग त्यांनी मला सगळ्या वर्गाला समजावून सांगायला लावलं. मी फळ्यावर बादली काढली, तिला बादली म्हटलं नाही, पुस्तकातला इंग्रजी शब्द वापरला. बाजू वाढवल्या, टिंब दिलं, कमानी मारल्या. तार का, सुतळी का नाही, हेही सांगितलं. मुली टाळ्या वाजवत होत्या. एरवी चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. त्या दिवशी तो स्वच्छ निघाला, कारण ते बोलणं माझं नव्हतंच.

प्रदर्शनाच्या आठवड्यात तुकडे एकावर एक बसवायला घेतले. शाळेच्या शिपाईमामांनी उंच शिडी आणून दिली. पुढारी मुलीचं म्हणणं पडलं की सगळे जोड मागे, भिंतीकडे घ्यावेत. समोरून एकही रेघ दिसणार नाही, रॉकेट अखंड वाटेल. दिसायला ते चांगलंच होतं. दोघींनी माना डोलावल्या. मी म्हटलं, थोडे फिरवले तर?

“व्हाय?” तिने विचारलं. “हू सेज सो?”

ती खरंच विचारत होती. तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. मिसही शेजारी उभ्या होत्या आणि मी काय सांगते ते ऐकायला थांबल्या होत्या. मला कारण सांगता आलं असतं. ओढ, खळ, विटा. एका वाक्याचं काम होतं. पण कारणाच्या मागोमाग गरम पत्रा आला असता, पत्र्यामागून शेड, आणि मग तो रकाना.

“नो वन,” मी म्हटलं. “जस्ट लाइक दॅट.”

गुरुवारी रॉकेट उभं राहिलं. शुक्रवारी दुपारी ते किंचित मागे झुकलेलं होतं. मुलींना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. घरी जेवताना पप्पांनी विचारलं, उभं राहिलं का. मी म्हटलं, राहिलं, पण थोडं मागे गेल्यासारखं वाटतंय. त्यांचा घास हातातच राहिला.

“जोड कुठल्या अंगाला घेतले?”

मी ताटाकडे बघत म्हटलं, माहीत नाही, त्या मुलींनी लावले.

पालकांसाठीची निमंत्रणपत्रिका चार दिवसांपासून माझ्या ॲटलासमध्ये होती. ती मी घरी दाखवलीच नव्हती, त्यामुळे प्रदर्शनाला पप्पा येतील असं मला वाटायचं कारण नव्हतं.

शनिवारी पाच वाजता पाहुणे यायचे होते. साडेतीनच्या सुमाराला रॉकेट पाचव्या तुकड्यापाशी मोडलं. आवाज असा झालाच नाही. एसटीत पेंगणाऱ्या माणसाची मान जशी हळूहळू जाते तसा त्याचा वरचा भाग भिंतीकडे गेला आणि तिथेच अडकून राहिला. मिसचा चेहरा उतरला. पुढारी मुलगी रडायला लागली. तिच्या घरचे सगळे येणार होते. मिस शिडीवर चढून तो तुकडा सोडवता येतो का बघत होत्या, आणि मला दाराकडे बघायची काय बुद्धी झाली कोण जाणे.

पप्पा हॉलच्या दारात वाकून बूट काढत होते. देवळात काढतात तसे. त्या हॉलमध्ये बूट कुणी काढत नसे. अंगावर तोच निळा युनिफॉर्म, खांद्याला कापडी पिशवी. पाळी सुटल्यावर ते थेट सायकलवर आले होते. पिशवीतून टेपचं टोक बाहेर आलेलं मला इतक्या लांबून दिसलं.

ते माझ्याकडे आले नाहीत. रॉकेटकडे गेले, त्याच्या मागे गेले आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. आठही जोड एका रेषेत. त्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं. मग खाली बसून बुडाशी ठेवलेल्या फटीतून टॉर्चने आत बघितलं. आत काय दिसलं असेल ते मला माहीत आहे. दोन टिंबं आणि रेघ असायला हवी होती तिथे खोडरबरचे डाग.

मिस शिडीवरून खाली उतरल्या. बाहेर मैदानात मंडप घालायचं काम चाललं होतं.

“आपण मंडपवाले का?” त्यांनी पप्पांना विचारलं.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. बघणं फार वेळ नव्हतं. मिसनी ते पाहिलं आणि मला विचारलं, “डू यू नो हिम?”

“ही लिव्हज निअर अवर हाउस,” मी म्हटलं.

हेही तसं खोटं नव्हतं. घरातच राहणारा माणूस घराच्या जवळच राहतो.

पप्पांना इंग्रजी येत नव्हतं. पण शेडमधले ड्रॉइंग इंग्रजीत असत, आणि हाउस म्हणजे काय हे सगळ्यांनाच कळतं. ते पुन्हा रॉकेटकडे वळले. मिसच्या हातात वाकलेल्या तुकड्याची सुटून आलेली कड होती. दुमड उलगडली होती आणि माझ्याकडून राहून गेलेली ती एक खूण वर आली होती. हे कसलं चिन्ह, असं मिस आम्हाला सगळ्यांना विचारत होत्या.

“ती माझी खूण हाय, मॅडम,” पप्पा म्हणाले. “मार्किंग मी केलंय. चूक माझ्याकडून झाली. अर्ध्या-पाऊण तासात सरळ करून देतो.”

मग ते मला म्हणाले, “ताई, जरा ती शिडी धरा.”

धर नाही, धरा. घरी ते मला पोरी म्हणायचे. मी शिडी धरली.

त्यांनी ओल्या फडक्याने वरपासून सगळे तुकडे एकेक करून सोडवले, एक सोडून एक अर्धा फेर फिरवले, मोडलेल्या जागी आतून पुठ्ठ्याचं कडं बसवलं आणि बोटाने अगदी थोडी खळ लावत पुन्हा चढवले. शिपाईमामा खालून हात देत होते. मी पूर्ण वेळ शिडी धरून होते. त्यांचे पाय माझ्या तोंडासमोर होते. आणखी दोनदा ते माझ्याशी बोलले. एकदा म्हणाले, ताई, कात्री द्या. एकदा म्हणाले, ताई, मागं सरा, अंगावर पडेल. दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं तसं मी केलं. शेजारी असल्याचं जे नाटक मी सुरू केलं होतं, ते त्यांनी माझ्यापेक्षा नीट निभावलं, एकदाही न चुकता.

पाचला दहा मिनिटं असताना रॉकेट सरळ उभं होतं. चार जोड आता समोरून दिसत होते. ते कुणाच्या लक्षातही आले नाहीत. पाहुणे आले, फोटो निघाले, फोटोत मी डावीकडून दुसरी आहे. पाहुण्यांसाठी आणलेल्या खाण्यातली एक बशी पुढारी मुलीने भरली आणि दारापाशी उभ्या असलेल्या पप्पांना नेऊन दिली. मी नाही, तिने. त्यांनी उभ्याउभ्याच खाल्लं, बशी शिपाईमामांकडे दिली, बूट घातले आणि गेले. “युवर नेबर इज सो नाइस,” ती मला म्हणाली. मिसनी माझ्याकडे त्यांच्यासाठी आभाराचा निरोप दिला. तो मी पोचवला नाही. पोचवायचा तर कुठल्या तोंडाने, आणि कोण म्हणून?

मी घरी गेले तेव्हा पप्पा हातपाय धुऊन बसले होते. “उभं हाय ना?” एवढंच त्यांनी विचारलं. मी आहे म्हटलं. त्या दिवसाबद्दल त्यांनी पुढे कधी काही काढलं नाही. आईलाही काही सांगितलं नसावं, असं मी धरून चालले, कारण आई मला काही बोलली नाही.

पुढची कित्येक वर्षं ती दुपार मी एका ठरावीक तऱ्हेने आठवत राहिले. मी वडिलांना शेजारी केलं आणि त्यांनी माझ्यासाठी न केलेली चूक अंगावर घेतली. लाज वाटायची, पण या आठवणीत एक छुपा आधारही होता. आपले वडील केवढे मोठ्या मनाचे, असं म्हणता यायचं. आपल्या वागण्यावर त्यांच्या चांगुलपणाचं पांघरूण घालून मला झोपता यायचं. बारावीनंतर मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला. प्रवेशाच्या फॉर्मवर त्या रकान्यात पहिल्यांदा खरं लिहिलं, आणि ते लिहिताना आपण काहीतरी फेडतोय असं मला वाटलं होतं. आता त्याचीही लाज वाटते.

नोकरी लागली ती ड्रॉइंग ऑफिसात, नाशकातच. तोवर दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं गेली होती. पप्पांच्या शेडमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन आलं होतं, मार्किंगचं काम उरलं नव्हतं, आणि ते घरीच असायचे. एका रविवारी दुपारी मी ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला होता. त्यांना गंमत दाखवावी म्हणून मी त्यावर एक बादली काढली. वरची रुंदी, खालची रुंदी, उंची, की लगेच ती उलगडून सपाट झाली. त्याच दोन कमानी. खिळा नाही, तार नाही, गुडघे टेकणं नाही. पप्पांनी चष्मा वर-खाली करून बघितलं.

“जोड कुठं देतं हे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आपण सांगू तिथे.

मला वाटलं, बोलायचं तर आत्ताच. मनात हजारदा जुळवलेलं वाक्य होतं, आणि त्याची सुरुवात मी केली. “पप्पा, शाळेत ते रॉकेट केलं होतं ना, तेव्हा मी…”

“हां,” ते म्हणाले. “मी पण तेच आठवत व्हतो. जोडाचं तुला सांगायचं राहून गेलं माझं. सगळं सांगितलं, अन् नेमकं तेवढं राहिलं. त्या मॅडमसमोर लय ओशाळलो मी. बावीस-तेवीस वर्षं मार्किंग केलं, एक काम माघारी आलं नाय. अन् पोरीच्या कामात ही चूक.”

‘माहीत नाही, त्या मुलींनी लावले’ हे मी ताटाकडे बघून म्हटलेलं वाक्य त्यांनी खरं मानलं होतं. मुलगी म्हणते माहीत नाही, म्हणजे आपणच सांगितलेलं नसणार. चूक माझ्याकडून झाली, असं ते मिसना म्हणाले तेव्हा ते मला वाचवत नव्हते. ते खरं बोलत होते. खुणेखाली उभं राहून मार्करने जसं बोलायला हवं तसं. तेव्हापासून ते ती चूक स्वतःची म्हणून वागवत आले होते, आणि तेवढीच वर्षं मी त्यांच्या मोठेपणाचं कौतुक करत होते.

“तुम्ही सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“काय?”

“विटा रचतात तसं. एक पुढे, एक मागे. खळ वाळली की ओढते, असंही म्हणाला होतात.”

“मी सांगितलं व्हतं?”

“हो.”

“मंग ते एका रेषेत कसे आले?”

“मला माहीत होतं. मी बोलले नाही.”

“माहीत असून?”

“माहीत असून.”

ते का म्हणून विचारतील असं मला वाटलं. उत्तर तयार होतं. ते मी इतकी वर्षं सांभाळलं होतं. पण त्यांनी विचारलं नाही. कदाचित ते त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. त्यांचा चेहरा मात्र बदलला, आणि तो बदल मला बघवेना, कारण तो राग नव्हता. पाठीवरचं पोतं उतरवल्यावर हमालाचे खांदे होतात तसे त्यांचे खांदे झाले.

ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले. आई आत डाळ निवडत बसली होती.

“ऐकलं का,” ते म्हणाले. “जोडाचं मी सांगितलं व्हतं तिला.”

कुठल्या जोडाचं, कुणाला, असं आईने विचारलं नाही.

“बघा,” ती म्हणाली. “मी म्हणत नव्हते, तुम्ही सांगितलंच असणार?”

मी लॅपटॉपच्या पडद्यावरच्या त्या दोन कमानींकडे बघत तिथेच बसून राहिले.